सवलतीचा ताप

या सदरातून आजवर आहार, झोप, मुलांची वाढ, वृद्धांची पथ्ये अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळी लॅपटॉपच्या किमतींवर लिहावे लागत आहे, आणि त्याचे कारण रक्तदाबाचा एक आकडा आहे : १७८/११०.

नवरात्राचा पहिला आठवडा होता. यंदा, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, बीड जिल्ह्यावर पाऊस कसा कोसळला ते येथील वाचकांना सांगायला नको. सिंदफणा आणि बिंदुसरा दुथडी भरून वाहत होत्या, कपाशी आणि सोयाबीन पाण्याखाली होते. अशा दिवसांत दवाखान्यात गर्दी कमी असते. धारूरच्या डोंगरपट्ट्यातील एक बाई मुलीला घेऊन आल्या. वय चाळिशीच्या थोडे पुढे. पतीसह दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. चार वर्षांपासून रक्तदाबाच्या आणि दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत आणि त्या नेमाने घेतात, म्हणूनच तो आकडा पाहून मी दोनदा मोजला. डोके दुखते, रात्री झोप लागत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. गोळ्यांविषयी विचारताच त्यांनी मुलीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“महिना झाला, थांबिवल्यात,” त्या म्हणाल्या. “लेकीला लॅपटॉप घ्यायचाय. दिवाळीत स्वस्त होतोय म्हणं. गोळ्या-तपासणीचे सात-आठशे तेवढेच वाचतेत.”

मुलीला हे ठाऊक नव्हते. ती बीडला संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि मग ती आईवरच रागावली. मला मात्र राग आला तो त्या दोघींपैकी कोणाचाच नव्हे. तिच्या हातातल्या मोबाइलवर एक घड्याळ उलटे धावत होते. त्याखाली एका लॅपटॉपचे चित्र होते, खोडलेली एक मोठी किंमत होती, आणि तिच्याशेजारी हिरव्या अक्षरांत ‘३२ टक्के सूट’. आईने गोळ्या सोडल्या होत्या त्या या ३२ टक्क्यांसाठी. तेव्हा हे ३२ टक्के नेमके कशातून वजा झाले आहेत, हा प्रश्न माझ्या दृष्टीने आरोग्याचाच ठरतो.

खोडलेल्या किमतीपासून सुरुवात करू. वैध मापन कायदा, २००९ आणि आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार खोक्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट आहे : याहून अधिक घ्यायचे नाही. ग्राहकाची लूट होऊ नये म्हणून आखलेली ती वरची रेघ होय. परंतु ही रेघ किती उंचावर आखायची हे ठरवतो तो उत्पादक. लॅपटॉपसारख्या वस्तूत ती इतकी उंच आखलेली असते की त्या किमतीला तो लॅपटॉप वर्षभरात क्वचितच कोणी घेतो. आता उदाहरणादाखल हिशेब करा. खोक्यावर ७२,००० छापले आहेत. बाजारात तो लॅपटॉप जूनपासून ५२,००० च्या आसपास मिळतो आहे. सणाच्या दिवशी त्याची किंमत ४८,९९० होते. पडद्यावर सूट दिसते ३२ टक्के, कारण ती ७२,००० पासून मोजलेली असते. जूनच्या भावाशी ताडून पाहिले, तर खरी सूट ३,०१० रुपये, म्हणजे सहा टक्क्यांहूनही किंचित कमी. दोन्ही आकडे गणिताच्या दृष्टीने बरोबरच आहेत. त्यातला एक मोठ्या अक्षरांत छापला जातो, दुसरा आपण स्वतः काढावा लागतो.

युरोपीय संघाने या युक्तीवर सरळ उपाय केला. तेथे २८ मे २०२२ पासून लागू असलेल्या नियमानुसार सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून, त्यापूर्वीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतच दाखवावी लागते. आपल्याकडे छापील कमाल किमतीपासून सूट मोजण्याचा रिवाज रूढ आहे. म्हणून हे ३० दिवस मागे जाऊन पाहण्याचे काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागते.

नेकनूरच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. तेथे भाव झाकलेला असतो. पण झाकलेला आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि बैलाचे दात मोजल्याशिवाय कोणी रुमालात हात घालत नाही. पडद्यावरचा भाव उघडा दिसतो, म्हणून आपण दात मोजायचे विसरतो.

लॅपटॉपचे दात म्हणजे त्याचा पूर्ण मॉडेल क्रमांक. कंपन्यांच्या वर्षाची एक चाल असते. दर जानेवारीत अमेरिकेतील लास व्हेगास येथील प्रदर्शनात नव्या प्रोसेसरांची आणि नव्या लॅपटॉपांची घोषणा होते. पुढील काही महिन्यांत ती यंत्रे आपल्याकडे येऊ लागतात. जून-जुलैत प्रवेशांचा हंगाम, ऑगस्टात स्वातंत्र्यदिन, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि शेवटी प्रजासत्ताक दिन अशी सवलतींची माळ लागते. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास गोदामांत चालू वर्षाचा आणि मागील वर्षाचाही साठा असतो, आणि जानेवारीत नवी नावे येण्यापूर्वी तो हलवणे कंपनीला भाग असते. त्यामुळे सणातील सूट सर्वस्वी खोटी असते असे मी म्हणणार नाही. जुना साठा काढायचा म्हणून कंपनी विक्रेत्याला किमतीतला फरक भरून देते, आणि त्यातून काही वेळा खरोखरच चांगला सौदा हाती लागतो. मात्र कोणत्या यंत्रावर सूट किती, हे ग्राहकाच्या गरजेवरून ठरत नाही. साठा कशाचा उरला आहे, त्यावरून ते ठरते.

आणि जुने यंत्र नव्या नावाने उभे राहू शकते. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ या दोन प्रोसेसरांच्या नावांत एकाच अंकाचा फरक आहे. पहिला ‘झेन २’ या २०१९ मध्ये प्रथम आलेल्या रचनेवर बेतलेला, दुसरा त्यापुढच्या ‘झेन ३’ रचनेवर. पहिल्यात चार गाभे, दुसऱ्यात सहा. शिवाय पहिला असलेल्या लॅपटॉपांत मेमरी मुख्य पाटीवर कायमची जोडलेली असते. म्हणजे आज पैसे नाहीत म्हणून ८ जीबी घेतली आणि दोन वर्षांनी वाढवू म्हटले, तर वाढवता येत नाही. तीन वर्षांच्या पदवीसाठी हा फरक सवलतीच्या दोन-तीन हजारांहून मोठा आहे. इंटेलनेही डिसेंबर २०२३ पासून आपली नावे बदलली. ‘आय ५’मधला ‘आय’ गेला, ‘अल्ट्रा’ आले; परंतु ‘अल्ट्रा’ नसलेल्या काही नव्या नावांखाली आधीच्या पिढीचीच रचना आहे. एकच लॅपटॉप ऑनलाइन एका क्रमांकाने आणि दुकानात दुसऱ्या क्रमांकाने विकला जातो, हीसुद्धा नेहमीची रीत. क्रमांकाच्या शेवटची दोन-तीन अक्षरे निराळी असली की भावाची तुलना करणारा ग्राहक थबकतो. नेमके तेच हवे असते, असे माझे मत आहे.

यंदा यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि जिकडेतिकडे ‘करबचती’चे फलक लागले. वातानुकूलन यंत्रे आणि मोठे टीव्ही यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे खरे. लॅपटॉपवर आधीही १८ टक्के होता, आताही १८ टक्केच आहे. त्या फलकांखाली उभे राहून लॅपटॉपही करामुळे स्वस्त झाला असे समजलेली निदान चार कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत. दुसरी गोष्ट, १४ ऑक्टोबरला विंडोज १० या प्रणालीचा आधार संपला. त्याच सुमारास वापरलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप अतिशय स्वस्तात दिसू लागले. त्यांतले काही उत्तम असतात. पण इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. तसे यंत्र घेणे म्हणजे मुदत संपत आलेली औषधे अर्ध्या किमतीत घेण्यासारखे होय.

आता त्या मुलीच्या मोबाइलकडे परत येऊ. पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत होते ४५,४९०. हा आकडा कसा तयार झाला ते आम्ही मिळून पाहिले. मूळ विक्रीची किंमत ४८,९९०. त्यातून एका विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावर १,५०० कमी, आणि जुना लॅपटॉप दिला तर आणखी २,०००. मी विचारले, “तुमच्याकडे क्रेडिट कार्ड आहे?” नव्हते. “जुना लॅपटॉप?” मुलगी रडता रडता हसली. म्हणजे तो आकडा या घरासाठी नव्हताच. तो पगारदार, शहरी, आधीपासून लॅपटॉप असलेल्या माणसासाठी होता. ज्याला गरज कमी त्याला भाव कमी, असा हा प्रकार आहे. ज्या जिल्ह्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकून हजारो कुटुंबे हवालदिल झाली, तेथे शेजाऱ्याचे कार्ड उसने घेऊन त्यावर खरेदी करण्याचा मोह सुटतो. मग हप्ता चुकला की शेजारधर्मही जातो आणि झोपही.

‘विनाखर्च हप्ता’ हा याच मालिकेतील पुढचा शब्द. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. त्यानंतर शब्द बदलले. आज होते ते असे : बँक व्याज लावते आणि विक्रेता किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधीच वजा करते. बारा हप्ते ४,००० रुपयांचे, एकूण ४८,०००. व्याजदर १५ टक्के धरला तर प्रत्यक्ष कर्ज सुमारे ४४,३०० रुपयांचे आणि व्याज सुमारे ३,७०० चे. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ग्राहकच भरतो, म्हणजे साडेसहाशेंहून थोडे अधिक. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर धरला की नऊशेच्या घरात रक्कम जाते. ‘विनाखर्च’ म्हणून घेतलेल्या वस्तूचे हे नऊशे रुपये. त्याहून मोठी गोष्ट ही की, हप्ता न घेणाऱ्यासाठी ते ३,७०० रुपये कुठे जातात? दुकानात रोख देणाऱ्याने ते मागावेत. न मागता ते कोणी देत नाही. मागितले तर सगळे नाही तरी काही सुटतात.

हे सारे मी वैद्यक सोडून का सांगत बसलो आहे, असे कोणाला वाटेल. पण उलट्या धावणाऱ्या त्या घड्याळाचा संबंध थेट शरीराशी आहे. वेळ संपत आली, वस्तू संपत आली, असे वाटताच शरीर धोक्याच्या वेळी वागते तसेच वागू लागते. अ‍ॅड्रेनालिन स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. समोर साप असेल तर ही व्यवस्था प्राण वाचवते. समोर लॅपटॉप असेल तर ती मॉडेल क्रमांक वाचू देत नाही. त्यातही हे सेल मध्यरात्री उघडतात, म्हणजे दिवसभराच्या श्रमाने थकलेला मेंदू व्यवहाराला बसतो. त्या घरात तीन रात्री बाप आणि लेक बारापर्यंत जागत होते आणि आई पडल्या पडल्या ऐकत होती.

केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांना मनाई केली. तिच्यात खोटी घाई आहे, नकळत टोपलीत घातलेली वस्तू आहे, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. नियम चांगला आहे. पण ‘फक्त २ शिल्लक’ हे खरे की खोटे, ते मध्यरात्री कसे ठरवणार? काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका रात्री दोन शिल्लक असलेल्यांपैकी एक घाईघाईने घेतला होता. आठ दिवसांनी सहज पाहिले, तर दोनच शिल्लक होते. घरात हा विनोद अजून माझ्या नावावर चालतो.

आपल्या देशातील अशा महासेलची सुरुवातच मुळी घाईतून झाली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने एका दिवसाची मोठी विक्री योजली, तेव्हा गर्दीने संकेतस्थळ कोलमडले. मागण्या रद्द झाल्या, लोक संतापले आणि कंपनीच्या संस्थापकांना ग्राहकांची पत्राने माफी मागावी लागली. किमतींत झालेल्या बदलांचा विषयही त्या पत्रात होता. तेव्हापासून अकरा वर्षांत यंत्रणा सुधारली आणि एक दिवसाचे अनेक दिवस झाले. घड्याळ मात्र राहिले.

मग थांबावे का? थांबणे नेहमीच फायद्याचे असते असेही नाही, आणि येथे सोपे उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर अचानक परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती काही काळ पुढे ढकलली. ऐन सणांच्या तोंडावर बाजारात धाकधूक पसरली. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिपांचे भाव जगभर चढत आहेत, आणि ते लॅपटॉपच्या किमतीत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून ज्याला यंत्र आजच हवे आहे त्याने आज घ्यावे. पण ‘आज हवे’ हे महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने ठरवावे, घड्याळाने नव्हे. मी मुलीला एवढेच सांगितले की, उद्या आपल्या सरांना विचार : पहिल्या सत्रात लॅपटॉप नसेल तर काय अडते, आणि घ्यायचाच तर त्यात किमान काय हवे. आईला सांगितले, गोळ्या आज रात्रीपासून सुरू. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. खासगी दवाखान्यात येणाऱ्यांना हे सांगायला आम्ही डॉक्टर मंडळी कचरतो, ती चूक माझ्याही हातून झाली होती. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत थळातल्या खोपीत, पहाटेच्या थंडीत, डोक्यावर मोळी घेऊन चढताना १७८/११० चा अर्थ काय होऊ शकतो, हे त्यांना मी सांगितले. पक्षाघात हा शब्द त्यांनी त्यांच्याच टोळीतल्या एका माणसामुळे ऐकलेला होता.

जाताना बाईंनी एक प्रश्न विचारला. “तीन हजार सूट म्हणजी किती ऊस?”

मला उत्तर येत नव्हते. मुलीला येत होते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये ठरला. त्या दराने ४८,९९० रुपये म्हणजे जवळजवळ १३४ टन ऊस. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायको दोघांनी मिळून, दिवसाला दीड-दोन टन धरला तर अडीच महिन्यांचे काम. खरी सूट ३,०१० रुपयांची, म्हणजे सव्वाआठ टन; चार-पाच दिवस. ‘विनाखर्च’ हप्त्याचे नऊशे म्हणजे अडीच टन. ३२ टक्क्यांपेक्षा हा हिशेब आईला लगेच कळला. “पाच दिस,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मुकादमाकडून लॅपटॉपसाठी वाढीव उचल घ्यायचा त्यांचा बेत होता, हेही तेव्हाच बाहेर आले. पाच दिवसांच्या कामासाठी उचल वाढवायची की नाही, हे मग त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. टोळी निघायची होती. यंदाचा गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. आरोग्य केंद्रातून नेलेल्या गोळ्या नेमाने चालू होत्या. दाब १३८/८८. मुलीने वहीचे एक पान दाखवले. त्यावर एकाच मॉडेलचे, शेवटच्या अक्षरापर्यंत तपासलेल्या क्रमांकासह, चार आठवड्यांचे भाव होते. दसऱ्याचा सेल संपला, घड्याळ शून्यावर आले, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाचा सेल सुरू होऊन तोच लॅपटॉप २०० रुपयांनी स्वस्त झाला होता. शेवटी त्यांनी तो तेथे घेतलाच नाही. सरांनी सांगितले होते की पहिले सत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निभावते. घ्यायचा तर मेमरी वाढवता येईल असा घे. सुभाष रोडवरच्या एका दुकानात सहा गाभ्यांचा, मेमरीसाठी एक खाच मोकळी असलेला लॅपटॉप रोखीने ४७,३०० ला सांगितला. मुलीने हप्त्याच्या व्याजाची गोष्ट काढली तेव्हा दुकानदाराने आणखी १,२०० सोडले. बिघाड झाला तर माणूस घरी येऊन दुरुस्त करील की यंत्र छत्रपती संभाजीनगरला घेऊन जावे लागेल, हेही तिने लिहून घेतले. बिल स्वतःच्या नावावर घेण्याचे ठरवले. पैसे मात्र अजून दिलेले नव्हते. वडिलांकडे नेहमीच्या उचलीतून आणि आधीच्या बचतीतून तीस हजार होते. उरलेले डिसेंबरात पहिल्या हिशेबाचे आले की घ्यायचे ठरले. तोवर भाव वाढला तर? “वाढला तर वाढला,” मुलगी म्हणाली. “हजार वाढला तर पावणेतीन टन.”

मी पानाकडे पाहिले. रुपयांच्या शेजारी तिने टनांचा रकाना आखला होता, आणि त्याच्याही शेजारी, पेन्सिलने, आईच्या गोळ्यांच्या तारखा होत्या : आरोग्य केंद्रातून कधी घ्यायच्या, टोळीवर कोणाबरोबर पाठवायच्या. वाचकांना एक घरगुती सूचना करायची राहिली. लॅपटॉप घेताना पाच-सातशे रुपये वेगळ्या कीबोर्डसाठी जरूर ठेवावेत आणि यंत्र चार जाड पुस्तकांवर डोळ्यांच्या पातळीला चढवावे. माझ्याकडे मानदुखी घेऊन येणारी महाविद्यालयीन मुले दरवर्षी वाढत आहेत. हे मी त्या मुलीलाही सांगितले. तिने कीबोर्डचीही एक ओळ पानावर लिहिली आणि पुढे हिशेब केला : दोन टन.

आईंनी तीन महिन्यांची चिठ्ठी घेतली, घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि विचारले, थळात गोळी पहाटे घ्यायची का कामावरून आल्यावर. पहाटे, निघण्यापूर्वी, न्याहारी करून, मी म्हणालो. न्याहारी कसली असते, ते त्या काही बोलल्या नाहीत.